आई-बाबांना जर्मनीला बोलावताना: आमंत्रणपत्र, हमीपत्र आणि त्यामागची धावपळ

आई-बाबा २०२५च्या उन्हाळ्यात आमच्याकडे येऊन गेले. तेव्हापासून ओळखीतल्यांचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्यांचे मेसेज येतायत: "तुझं इन्व्हिटेशन लेटर पाठव ना, नावं बदलून तेच वापरतो." पत्र मी पाठवते. पण नुसत्या पत्राने भागत नाही हे प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवते.

हे फक्त जर्मनीपुरतं आहे. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा) एकच असला तरी आमंत्रणाच्या कागदाची तऱ्हा देशागणिक वेगळी. फ्रान्समधली माझी मैत्रीण नगरपालिकेत गेली आणि ३० युरोंचा स्टॅम्प लावून 'अतेस्तासिओं दाक्य' काढून आली. स्पेनमध्ये असलं पत्र पोलिसांकडून घ्यावं लागतं. नेदरलँड्समध्ये ठरलेला फॉर्म भरून त्यावरची सही पालिकेत साक्षांकित करून घेतात. तेव्हा दुसऱ्या देशातल्या कुणाची फाइल बघून आपली लावायला जाऊ नका.

जानेवारीत फोनवर विषय निघाला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, सांगलीजवळ थोडी शेती. उन्हाळ्यात शेतात फारसं काम नसतं, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत यायचं ठरलं. अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मधली मुदत ऐसपैस वाटते, पण अपॉइंटमेंट इथेही लागते आणि तिथेही, आणि इथला कागद तयार झाल्याशिवाय तिथली फाइल पूर्ण होत नाही. मी मार्चअखेर अर्ज जायला हवा असं धरलं आणि उलटे दिवस मोजत कामाला लागले.

सगळ्यात आधी समजून घेतलं ते हे की 'आमंत्रणपत्र' या नावाखाली लोक दोन निरनिराळ्या कागदांबद्दल बोलत असतात. एक म्हणजे साधं पत्र. आपण घरी टाइप करायचं, खाली सही करायची. त्याला शिक्का लागत नाही, नोटरी लागत नाही, फी नाही. दुसरा कागद म्हणजे सरकारी हमीपत्र, जर्मन नाव 'फेरफ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग'. ते स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात, काही शहरांत नागरिक सेवा कार्यालयात, समक्ष जाऊन सही करून घ्यावं लागतं. फी २९ युरो. पाहुण्यांचा सगळा खर्च मी उचलीन, असं त्यात मी जर्मन सरकारला लिहून देते. साध्या पत्राला कायद्याने काही वजन नाही. हमीपत्राला आहे, आणि ते भरपूर आहे.

हमीपत्र प्रत्येकाला लागतंच असंही नाही. पाहुण्यांनी स्वतःच्या पैशांवर येतोय हे दाखवलं तरी चालतं. जर्मनी त्यासाठी माणशी दिवसाला ४५ युरो धरते. दोन माणसं, साठ दिवस, म्हणजे ५,४०० युरो. तेव्हाच्या दराने पाच लाखांच्या आसपास. हे मी बाबांना सांगितलं आणि म्हटलं की त्यापेक्षा मी हमीपत्रच करते, ते सोपं पडेल.

फोनवर बराच वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, "म्हणजे माझ्या खाण्यापिण्याची हमी तू सरकारला देणार?"

"बाबा, नुसता कागद आहे तो."

"नुसत्या कागदाला कोण सही घेतं गं?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेल्या माणसाला मुलीच्या पगाराच्या स्लिपेवर परदेशी यायचं म्हणजे कसंतरी वाटणारच. आईने मध्ये पडून विषय मिटवला ("अहो, जावयाच्या घरी जेवायचं नाही म्हणत होता ते दिवस गेले आता"). शेवटी असं ठरलं की हमीपत्र मी करायचं, पण बाबांनी स्वतःची पेन्शन, ठेवी, शेतीची कागदपत्रंही पूर्ण लावायची. पुढे कळलं की या तडजोडीने फाइल भक्कम झाली. त्याबद्दल खाली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी इथल्या कार्यालयाची अपॉइंटमेंट शोधायला लागले. आम्ही राहतो त्या मध्यम शहरात हे काम ऑनलाइन कॅलेंडरवर चालतं, आणि ते कॅलेंडर बहुतेक वेळा कोरंकरकरीत. सकाळी लवकर पाहिलं तर कुणीतरी रद्द केलेली एखादी वेळ दिसते, चहा होईपर्यंत ती गेलेली असते. दोन आठवडे हाच खेळ चालला. ईमेल केला तर ठरलेलं उत्तर आलं: कॅलेंडर वापरा. शेवटी फेब्रुवारीअखेरची वेळ मिळाली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हमीपत्र व्हिसा अर्जाच्या वेळी सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. त्यामुळे 'मिळतंय तर आत्ताच करून ठेवू' म्हणून वर्षभर आधी करून उपयोग नाही.

कार्यालयात काय काय मागतात ते शहराशहरात थोडं बदलतं, त्यामुळे आपल्या शहराच्या संकेतस्थळावरचीच यादी धरा. मी नेलं ते असं: माझा पासपोर्ट आणि ब्लू कार्ड (इथे राहून नोकरी करण्याचा परवाना), शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नोकरी कायम असल्याचं कंपनीचं पत्र, घरभाड्याचा करार, आणि आई-बाबांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स. उत्पन्न पुरेसं आहे की नाही हे ते साधारणपणे जप्तीपासून संरक्षित पगाराच्या कोष्टकावरून ठरवतात. कर्ज थकलं तरी माणसाच्या हातात जगण्यापुरती जी रक्कम सोडावी लागते, तिच्या वर तुमच्या हातात काय उरतं हे बघतात. ती रक्कम दर १ जुलैला बदलते आणि तुमच्यावर अवलंबून असणारी माणसं जितकी जास्त, तितकी ती वाढते. म्हणजे नवरा किंवा बायको कमावत नसेल आणि दोन मुलं असतील, तर चांगल्या पगारातही हमी अपुरी ठरू शकते. आमच्या घरी दोघंही कमावते असल्यामुळे अडचण आली नाही.

टेबलापलीकडच्या बाई शांतपणे, एकेक अक्षर दाबत टाइप करत होत्या. नवरा-बायको असल्यामुळे आई-बाबा दोघं एकाच हमीपत्रावर बसतात, त्यामुळे २९ युरो एकदाच. स्क्रीन माझ्याकडे वळवून त्या म्हणाल्या, तपासा. मी पासपोर्टची झेरॉक्स शेजारी धरून अक्षर-अक्षर लावून पाहिलं. आईच्या नावाच्या रकान्यात त्यांनी बाबांचं नाव आडनावाला जोडून टाकलं होतं. आपल्याकडे बायकोच्या नावात नवऱ्याचं नाव मधे येतं, ही गोष्ट त्यांच्या तीन रकान्यांत कुठेच बसत नाही. आपल्या पासपोर्टवर दोनच रकाने असतात, 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम'. तसंच्या तसं उतरवा अशी विनंती केली. त्यांनी मुकाट्याने बदललं. हमीपत्र खास क्रमांकाच्या सरकारी कागदावर छापतात. एकदा छापल्यावर खाडाखोड नाही, नवा कागद म्हणजे नवी फी आणि कदाचित नवी अपॉइंटमेंट. त्यामुळे पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि जन्मगाव स्क्रीनवरच तपासा. घाई वाटली तरी त्यांना थांबवायला लाजू नका.

त्या कागदावर खाली एक जागा असते जिथे अधिकारी तुमच्या आर्थिक कुवतीबद्दल शेरा मारतात. ती 'सिद्ध झाली' असाही शेरा असतो, आणि 'विश्वासार्ह वाटते' असाही. पहिला मिळवायचा प्रयत्न करा. त्यासाठीच कागद जास्तीचे न्यायचे. कुणी विचारलं नाही तर पिशवीत राहतील.

सही करण्याआधी बाईंनी जबाबदारीचं पान मला वाचायला दिलं, आणि मी ते खरंच वाचलं. निवास कायद्याच्या कलम ६६ ते ६८ खालचा हा मामला आहे. पाहुण्यांचं राहणं-खाणं तर आहेच, पण आजारपण आलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, शुश्रूषा लागली, आणि वेळ पडलीच तर परत पाठवण्याचा खर्चही, हे सगळं सरकारने भरलं तर ते माझ्याकडून वसूल करू शकतं. ऑगस्ट २०१६ पासून या जबाबदारीची कमाल मुदत पाच वर्षं आहे. पाहुणे ठरल्या दिवशी घरी गेले की विषय संपतो. पण समजा कुणी गेलंच नाही, इथे आश्रय मागितला आणि तो मंजूर झाला, तरी तेवढ्याने सही केलेला माणूस सुटत नाही. स्वतःच्या आई-बाबांसाठी सही करताना मला काही वाटलं नाही. पण "माझ्या मामेभावाच्या मित्राला युरोप बघायचाय, तू फक्त एक लेटर दे" म्हणणाऱ्यांना मी आता हे पान दाखवते.

आजारपणाचा भाग मात्र रात्री डोक्यात फिरत राहिला. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. तो सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामाला लागू असावा लागतो, आणि त्यात तातडीचे उपचार व मायदेशी परत नेण्याचा खर्च धरलेला असावा लागतो. भारतात मिळणारे विमे स्वस्त दिसतात. पण साठी ओलांडली की हप्ता चढतो, सत्तरीनंतर आणखी. शिवाय आधीपासून असलेल्या आजाराच्या ओळी बारीक अक्षरात असतात. जर्मनीतल्या विमा कंपन्या परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांसाठीही विमा विकतात आणि तो यजमानाला इथून घेता येतो. मी तोच घेतला, कारण वेळ आली तर भांडायला मीच इथे असणार होते. घेताना दोन गोष्टी विचारल्या: व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतात का, आणि जुना आजार अचानक बळावला तर तातडीचा उपचार धरतात का. दोन्हींची उत्तरं लेखी घेतली.

आता ते साधं पत्र, ज्याच्यासाठी सगळे मेसेज करतात. माझं एका पानाचं होतं, जर्मनमध्ये. इंग्रजीतही चालतं. मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटच्या नावे. पहिल्या परिच्छेदात मी कोण: पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, इथे कधीपासून, कोणत्या परवान्यावर, काय नोकरी. दुसऱ्यात पाहुणे कोण: पासपोर्टवरची नावं, पासपोर्ट क्रमांक, माझं नातं. तिसऱ्यात कशासाठी आणि कधी: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, आमच्या घरी राहतील, त्यांची स्वतंत्र खोली आहे. जूनमध्ये आम्ही रजा घेऊन चार दिवस स्वित्झर्लंडला नेणार आहोत, तिथल्या खोलीचं आरक्षण सोबत जोडलंय. चौथ्यात पैसा: हमीपत्र जोडलंय, विमानाची तिकिटं बाबा स्वतः काढणार आहेत. शेवटी एक ओळ की जुलैमध्ये ते परत जातील, कारण पेरणीनंतर शेतीकडे बघायचं असतं आणि घरी आजी आहे. सोबत माझ्या पासपोर्टची, परवान्याची आणि पत्ता नोंदणीच्या दाखल्याची प्रत.

यात एकही भावूक वाक्य नाही. आई-वडिलांना युरोप दाखवणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे लिहिलेली पत्रं मी पाहिली आहेत. त्यांनी नुकसान होत नसेल, पण तिथे बसलेला माणूस ते वाचत नाही. तो तारखा बघतो. पत्रातल्या तारखा, अर्जातल्या तारखा, विम्याच्या तारखा आणि विमानाच्या आरक्षणाच्या तारखा एकमेकींशी जुळतात का, एवढंच. आमच्या चारही कागदांवर एकच दोन तारखा होत्या, आणि त्या जुळवण्यासाठी मी नवऱ्याला बसवून मोठ्याने वाचायला लावल्या.

सांगलीतल्या एका एजंटने बाबांना वेगळाच सल्ला दिला होता. मुलीचं नावच काढू नका, अर्जात 'टुरिझम'वर खूण करा, हॉटेलं मी बुक करून देतो, व्हिसा आला की रद्द करू. त्याचे पैसेही सांगितले. का, तर मुलगी तिथे आहे म्हटलं की परत येणार नाहीत असा संशय येतो म्हणे. बाबांनी मला फोन केला, मी नको म्हटलं. राहायचं मुलीकडे आणि दाखवायची हॉटेलं, हे विमानतळावर पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं. आणि मुक्कामाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही हे व्हिसा नाकारण्याच्या छापील कारणांपैकीच एक कारण आहे. आम्ही सरळ 'कुटुंबीय किंवा मित्रांची भेट' यावर खूण केली.

आता ते परत येण्याबद्दल. माझ्या मते बहुतेकांची गफलत इथेच होते. मुलगी बोलावतेय, तिचा पगार चांगला आहे, हमीपत्र आहे, मग अजून काय पाहिजे? पण हमीपत्र एवढंच सांगतं की खर्च कोण करणार. पाहुणे परत का जातील याचं उत्तर माझ्या कुठल्याही कागदात नाही, ते त्यांच्याच कागदांत असावं लागतं. म्हणून बाबांची बाजू आम्ही माझ्याइतकीच जाड केली. पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होते त्या खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह. आयकर विवरणपत्रं. मुदत ठेवींच्या पावत्या. सातबारा: डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, पण तो मराठीत असतो, म्हणून इंग्रजी भाषांतर करून जोडलं. आजी त्यांच्याकडेच राहते हे दाखवायला रेशनकार्डाची प्रत, तीही भाषांतरासह. बाबांनी स्वतःचं एक पानाचं कव्हर लेटर इंग्रजीत लिहिलं आणि मला सुधारू दिलं नाही. व्याकरण थोडं जुन्या वळणाचं होतं, पण माणूस कोण आहे ते पहिल्या चार ओळींत कळत होतं.

नात्याच्या पुराव्याने मात्र घाम फोडला. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव 'शालन'. घरी तिला सगळे शालनच म्हणतात. पासपोर्टवर 'शालिनी'. माझं लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे जन्मदाखल्यावरची मी आणि हमीपत्रावरची मी याही कागदोपत्री दोन बाया. जोडणी अशी लावली: जन्मदाखला, माझं विवाह प्रमाणपत्र, माझ्या पासपोर्टचं शेवटचं पान (त्यावर आई-वडील आणि नवरा तिघांचीही नावं आहेत), आणि शालन व शालिनी एकच असल्याचं आईचं प्रतिज्ञापत्र. तहसील कचेरीतल्या लेखनिकाला 'वन अँड द सेम' एवढं म्हटलं की तो पुढचं विचारत नाही, इतके लोक रोज हेच करून घेतात. तुमच्या घरी अशी दोन-दोन नावं असतील तर हे काम सगळ्यात आधी उरकून घ्या.

मूळ हमीपत्र भारतात पोचणं गरजेचं, स्कॅन चालत नाही. पुण्याला निघालेल्या एका मित्राच्या केबिन बॅगेत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिलं. कुरिअरनेही पाठवता येतं, पण हा कागद हरवला तर पुन्हा त्या कोऱ्या कॅलेंडरपुढे बसायचं या विचारानेच मी माणूस शोधला.

अर्ज ऑनलाइन भरायचा, छापून सही करायची आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी व्हिसा अर्ज केंद्रात न्यायचा. मी इथून भरला आणि पीडीएफ पाठवली. सह्यांबद्दल एक छोटी गोष्ट: आई मराठीत सही करते, पासपोर्टवर मराठीच आहे. परदेशी अर्ज म्हणून तिने इंग्रजीचा सराव सुरू केला होता, वहीत पानभर. तिला सांगितलं, पासपोर्टवर आहे तशीच कर, प्रत्येक ठिकाणी. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. फोटोवाल्याला 'शेंगेन' सांगा, तो बरोबर काढतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला लागतो. जुने पासपोर्ट असतील तर तेही न्या.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोघं पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले. आत मोबाइल बंद, त्यामुळे मी इकडे नुसती घड्याळ बघत बसले होते. नंतर आईने सगळं सांगितलं. कागद देण्याचं काम लवकर झालं, खिडकीतल्या मुलाने यादीप्रमाणे क्रम लावून घेतला, झेरॉक्स वेगळ्या, मूळ वेगळे. अडकलं ते बोटांवर. बाबांचे ठसे एका दमात आले. आईचे येईनात. भांडी, धुणी, शेतातलं खुरपणं, एवढ्या वर्षांत बोटांच्या रेषा पुसटच झालेल्या. यंत्र लाल दिवा दाखवत राहिलं. तिथल्या मुलीने ओल्या कागदाने बोटं पुसली, मग कोरडी केली, मग आपला अंगठा आईच्या बोटावर ठेवून वरून दाबलं. "मावशी, ताठ करू नका बोट, सैल सोडा." चारपाच वेळा करून एकदाचे हिरवे झाले. ज्यांच्या आईचं असं होतं त्यांना आदल्या दिवसांत हाताला तेल किंवा व्हॅसलीन लावायला सांगा, आणि केंद्रात शिरण्याआधी हात स्वच्छ धुवायला.

फी माणशी ९० युरो, जून २०२४ पासूनचा दर. तेव्हा ती रुपयांत साडेआठ हजारांच्या घरात होती, वर केंद्राची सेवाफी आणि पासपोर्ट घरी पाठवायचं कुरिअर. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. विमानाचं आम्ही फक्त आरक्षण दाखवलं होतं, तिकीट काढलेलं नव्हतं. हा सल्ला खुद्द कॉन्सुलेटच देते. याची किंमत अशी की व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटं महागली. तरीही मी पुन्हा तेच करीन.

नियमाप्रमाणे निर्णय १५ दिवसांत, जास्त तपास लागला तर ४५ पर्यंत. आम्हाला तीन आठवडे गेले, मधे सुट्ट्या होत्या. त्या काळात बाबा रोज मला विचारत आणि मी रोज तीच ट्रॅकिंगची ओळ वाचून दाखवत असे: अर्ज कॉन्सुलेटमध्ये प्रक्रियेत आहे. आईने बॅग भरायला घेतली नाही. "आलं तर भरू, दोन तासाचं काम आहे," म्हणाली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कुरिअरवाला आला. बाबांनी व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट कॅमेऱ्याला इतका चिकटवून धरला की मला नुसता हिरवा रंग दिसत होता.

स्टिकर नीट वाचायचा असतो, तो असा. एका ओळीत पासून-पर्यंत तारखा असतात. खाली कितीदा प्रवेश, आमच्यावर १. आणि शेजारी मुक्कामाचे दिवस. लोक 'पर्यंत'ची तारीख बघून तोवर राहता येतं असं समजतात. तसं नाही. त्या मुदतीत सहसा १५ दिवसांची सैल जागा ठेवलेली असते, विमान पुढेमागे झालं तर म्हणून. राहायचे दिवस मात्र त्या छोट्या आकड्याइतकेच, आणि त्यात येण्याचा आणि जाण्याचा दिवसही मोजतात. एकच प्रवेश असला तरी स्वित्झर्लंडला जाऊन यायला अडचण नाही, कारण तेही शेंगेनमध्येच. लंडनला गेलात तर परत आत यायला हाच व्हिसा उपयोगी नाही.

मूळ हमीपत्र पासपोर्टसोबत परत आलं होतं. ते, विम्याचा कागद, माझं पत्र आणि परतीचं तिकीट अशी एक प्लास्टिकची पिशवी बाबांच्या खांद्यावरच्या बॅगेत, सामानात नाही. फ्रँकफर्टला अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, कुठे जाताय, किती दिवस. बाबांनी आकडा सांगितला आणि न मागता पिशवीच पुढे केली. त्याने वरचं पान बघितलं, शिक्का मारला, संपलं. आम्ही दोघांसाठी व्हीलचेअरची मदत मागितली होती. चालता येत नाही म्हणून नाही, तर इतक्या मोठ्या विमानतळावर सोबत कुणीतरी माहीतगार असावं म्हणून. आई बसायला तयार नव्हती, शेजारून चालत आली.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या आहेत. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने व्हिसा नाकारल्यावर कॉन्सुलेटकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद केली. आता नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जा. न्यायालयाच्या वाटेला कोण जाणार, म्हणजे पहिल्याच अर्जाला फाइल पुरी असणं आधीपेक्षा महत्त्वाचं. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात येण्याजाण्याची नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. शिक्क्यांच्या जागी ही नोंद आणलीय, तेव्हा मुक्काम एक दिवसानेही वाढला तर यंत्रच सांगेल.

पुढच्या वेळी काही गोष्टी सोप्या होतील. ठसे ५९ महिने वापरता येतात, त्यामुळे आईच्या बोटांची परीक्षा तोवर तरी नाही. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे की आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्याच्यानंतर, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर, पाच वर्षांचा. म्हणून जुना व्हिसा, शिक्के आणि बोर्डिंग पास यांचे फोटो काढून ठेवले आहेत. हमीपत्र मात्र दर अर्जाला नवं, २९ युरो नवे. सध्या सासू-सासऱ्यांसाठी नवरा त्याच कॅलेंडरवर बसलाय. या वेळी पगाराच्या स्लिपा त्याच्या, म्हणजे नातं सिद्ध करायला त्याचा एकट्याचा जन्मदाखला पुरेल.